मोरपंखी की विटकरी? एकाच खोलीसाठी दोन उलट रंग तोलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलच्या मोठ्या भिंतीला मोरपंखी द्यायचा की विटकरी, या एका गोष्टीवर आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पाच आठवडे खल चालला होता, शेवटी दोन्ही रंग घरी आणून भिंतीला टेकवून बघितले तेव्हा कुठे सुटलं. तेव्हापासून मैत्रिणी, त्यांच्या बहिणी, सोसायटीतले लोक, मग त्यांच्या ओळखीतले असे सगळे हेच विचारत राहतात. रंग वेगळे असतात, कुणाचं नेव्ही ब्लू आणि मस्टर्ड, कुणाचं बॉटल ग्रीन आणि गुलाबी, पण अडचण तीच, दोन अगदी उलट रंग दोन्ही आवडलेत आणि खोली एकच आहे. म्हणून प्रश्न एकत्र करून ठेवतेय. उदाहरणं मोरपंखी-विटकरीची देतेय कारण ते दोन्ही मी रोज बघते.

१. मोरपंखी आणि विटकरी म्हणजे नेमका कोणता रंग धरायचा? दुकानात एकेकाच्या दहा शेड दाखवतात.

मोराची मान निळी आणि पीस हिरवं, या दोन्हीच्या मधला जो गडद रंग तो मोरपंखी, शेड कार्डवर टील किंवा पीकॉक अशा नावानं सापडतो. विटकरी म्हणजे भाजलेल्या विटेचा, मातीच्या कुंडीचा, कार्डवर टेराकोटा. नावावर जाऊ नका, दोन कंपन्यांचा टेराकोटा एकमेकांशी जुळत नाही, शेडचा कोड लिहून घ्या. आणि प्रत्येक रंगाचा कल बघा, मोरपंखी निळ्याकडे झुकतोय की हिरव्याकडे, विटकरी गुलाबीकडे झुकतोय की पिवळ्याकडे. हे झुकणंच पुढे सगळा फरक पाडतं.

२. हे दोन रंग ‘उलट’ का म्हणायचे?

रंगचक्रावर, म्हणजे सगळे रंग गोलात मांडलेल्या चित्रावर, तांबूस-नारिंगी आणि निळा-हिरवा साधारण समोरासमोर येतात म्हणून. घरच्या घरी करून बघा, विटकरी कार्डाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग लगेच पांढऱ्या भिंतीकडे बघा, भिंतीवर फिकट निळसर-हिरवा चौकोन तरंगताना दिसतो. डोळा एका रंगाला थकला की स्वतःच दुसरा दाखवतो. म्हणूनच हे दोन शेजारी आले की दोघंही जास्त भडक वाटतात, आणि म्हणूनच निवड करताना गोंधळ होतो, त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये सविस्तर लिहिलंय.

३. एवढं वाचायला वेळ नाही, थोडक्यात सांगा कुठला घेऊ?

खिडकीतून पश्चिमेचं ऊन येत असेल आणि खोली चार ते सातच्या मध्ये वापरात असेल तर मोरपंखी. उत्तरेची किंवा समोरच्या बिल्डिंगमुळे अंधारलेली खोली असेल तर पिवळसर झाकेचा विटकरी. फक्त रात्री वापरायची खोली असेल तर आधी बल्ब ठरवा, रंग नंतर. पण हे पण घरी सॅम्पल न बघता करू नका असंच सांगेन.

४. शेड कार्डवर बघून ठरवलं तर काय बिघडतं? कंपनीनं त्यासाठीच तर दिलंय ना.

कार्डवरचा तुकडा बोटभर असतो आणि भिंत शंभर-सव्वाशे स्क्वेअर फूट, मोठ्या जागेवर तोच रंग जास्त गडद आणि जास्त रंगीत वाटतो. त्यात समोरासमोरच्या दोन भिंती एकाच रंगाच्या असल्या तर एका भिंतीचा रंगीत उजेड दुसरीवर पडतो, दुसरीचा पहिलीवर, आणि कार्डवर साधा वाटलेला विटकरी खोलीत लाल होऊन बसतो. शिवाय दुकानातल्या ट्यूबचा उजेड आपल्या घरचा नसतो.

आमच्या बेडरूमला मी कार्डवर बघूनच विटकरी दिला होता, दुकानात छान मातकट वाटला, घरी आल्यावर उत्तरेच्या खिडकीच्या निळसर उजेडात तो सकाळी चक्क जांभळट दिसायला लागला. शेड गुलाबीकडे झुकणारी होती आणि दुकानात ते कळलंच नाही. चार महिने रोज सकाळी उठून ती भिंत बघून मन खट्टू व्हायचं, मग पैसे साठवून पुन्हा रंगवली. रंग वाईट नव्हता, तो त्या खोलीचा नव्हता एवढंच.

५. मग घरी सॅम्पल नेमकं कसं बघायचं? भिंतीवरच एक पट्टा मारला तर चालेल का?

भिंतीवर पट्टा मारायचा मोह होतो पण जुना रंग चारही बाजूंनी दिसत राहतो आणि नवा त्याच्या तुलनेत वेगळाच वाटतो, शिवाय तो पट्टा एकाच जागी अडकून पडतो. त्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातून जाड पांढरी कार्डशीट आणा, एका रंगाला निदान दोन फूट बाय दोन फूट जागा मिळेल अशी. काही कंपन्यांचे २०० मिलीचे सॅम्पल डबे मिळतात, नाही मिळाले तर दुकानदाराला सगळ्यात छोट्या डब्यात शेड काढून द्यायला सांगा. दोन हात मारा, पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा, आणि कडेला बोटभर पांढरी किनार मोकळी सोडा म्हणजे डोळ्याला पांढऱ्याचा आधार राहतो.

आता ती शीट घेऊन फिरा. खिडकीच्या शेजारची भिंत, खिडकीसमोरची भिंत, कोपरा, सोफ्यामागे. एकच रंग खिडकीसमोर उजळ आणि खिडकीच्याच भिंतीवर काळपट दिसतो कारण त्या भिंतीवर थेट उजेड पडत नाही, उलट, शेजारच्याच खिडकीच्या झगझगाटामुळे ती आणखी अंधारी वाटते. शीट उभीच धरायची, टेबलावर आडवी ठेवली की तिच्यावर वरून उजेड पडतो, भिंतीवर तसा पडत नाही. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच, आणि रात्री दिवे लावून, असं निदान तीन-चार दिवस बघा, त्यात एखादा ढगाळ दिवस मिळाला तर उत्तमच. आमच्याकडे साडेपाचला बाल्कनीतून उन्हाची पट्टी आत सरकत यायची, विटकरी शीटवर आली की शीट पेटल्यासारखी व्हायची, डोळे बारीक करावे लागायचे, आणि तीच पट्टी मोरपंखीवर आली की रंग नुसता खोल व्हायचा, मखमलीसारखा. माझा निर्णय त्या पट्टीनं केला.

६. दोन्ही शीट शेजारी शेजारी लावून बघू की वेगवेगळ्या?

वेगवेगळ्या. हे फार कमी लोक करतात आणि इथेच फसतात. फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, काळा रंग नीट येत नाही अशी तिथे तक्रार असायची, त्यानं तपासलं तर दोष रंगात नव्हताच, शेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगांमुळे तो काळा तसा दिसत होता. १८३९ साली त्यानं यावर मोठं पुस्तक काढलं. शेजारचा रंग डोळ्याला दिसणारा रंग बदलतो, हे निदान तेव्हापासून माहीत आहे.

तर मोरपंखीच्या शेजारी विटकरी ठेवला की विटकरी जास्त नारिंगी दिसणार आणि मोरपंखी जास्त निळा. पण तुमच्या खोलीत एकच राहणार आहे, शेजारी क्रीम भिंत आणि सोफा असणार आहे. म्हणून आज एक शीट लावा आणि दुसरी कपाटामागे ठेवा, दोन दिवसांनी अदलाबदल. दोन्ही एकत्र वापरायचे असतील तरच एकत्र बघा, ते प्रश्न १२ मध्ये.

७. खिडकी कुठल्या दिशेला आहे याचा खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशा बघायला एक मिनिट लागतं.

उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो, दिवसभर बऱ्यापैकी सारखा. त्यात मोरपंखी आणखी थंड, थोडा करडा होतो. विटकरीचा तोरा उतरतो पण खोलीला ऊब राहते, फक्त पिवळसर झाकेचा घ्या, गुलाबीकडे झुकणाऱ्याचं काय होतं ते वर प्रश्न ४ मध्ये सांगितलंच. पूर्वेच्या खोलीत सकाळी सात ते दहा सोनेरी ऊन आणि मग दिवसभर साधा उजेड, म्हणजे सकाळी तिथे चहा घेत बसता की दुपारी काम करता हे आधी बघा. पश्चिमेला दुपारपर्यंत काही नाही आणि चारनंतर नारिंगी ऊन, तिथे विटकरी फार तापलेला वाटतो. दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असल्यामुळे ऊन थेट आतपर्यंत येतं, उन्हाळ्यात तेवढं येत नाही.

आपल्याकडची एक खास गोष्ट, महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. पुणे-मुंबईकडे पहिला मेच्या मध्याला आणि दुसरा जुलैच्या शेवटी, आणि या दोन्हीच्या मधल्या दिवसांत दुपारचा सूर्य जरा उत्तरेला कललेला असतो. त्यामुळे मे महिन्यात सॅम्पल बघून उत्तरेच्या खोलीचा उजेड ठरवलात तर तो वर्षभराचा उजेड नाही हे लक्षात ठेवा.

आणि खिडकीबाहेर काय आहे ते पण बघा. समोर गुलमोहर असेल तर पावसाळ्यात खोलीत हिरवट उजेड येतो, समोरच्या बिल्डिंगची भिंत पिवळी असेल तर पिवळा.

८. रात्री ट्यूबखाली दोन्ही रंग विचित्र दिसतात, रंग चुकला का?

बहुतेक वेळा रंग नाही, बल्ब चुकलेला असतो. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, उजेड पिवळसर की निळसर ते त्यावरून कळतं, आपल्या घरांत सर्रास असते ती ६५०० ची पांढरी-निळसर. तिच्याखाली विटकरीतला जीव जातो, मळका तपकिरी दिसतो, आणि मोरपंखी दवाखान्यासारखा कडक वाटतो. २७०० ते ३००० चा पिवळसर बल्ब लावला की विटकरी शेकल्यासारखा उजळतो आणि मोरपंखी हिरव्याकडे सरकून खोल होतो. ४००० चा मधला, अभ्यासाच्या टेबलासाठी मला तो आवडतो. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असेल तर ९० च्या पुढचा घ्या, कमी असला की लाल-तांबड्या रंगांचं विशेष नुकसान होतं. रंग पुन्हा लावण्याआधी तीन बल्ब बदलून बघा, फार स्वस्तात काम होतं.

दुकानात भिंतीशी जुळलेला उशीचा अभ्रा घरी आल्यावर जुळत नाही तेही यामुळेच, दोन वेगळ्या रंगद्रव्यांचे रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात.

एक वेळ मात्र बल्बनं सुटत नाही, दिवेलागणीची. उजेड मावळताना आपल्या डोळ्याला तांबडे रंग आधी काळे पडलेले दिसतात आणि निळे-हिरवे त्या मानानं उजळ राहतात, चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपलं होतं. तुम्हाला दिवे न लावता संध्याकाळी शांत बसायची सवय असेल तर मोरपंखी भिंत जरा जास्त वेळ सोबत करते, विटकरी लवकर काळोखात जाते.

९. आमची खोली १० बाय ११ ची आहे, गडद रंगानं अजून लहान दिसेल ना?

चारही भिंती गडद केल्या तर अंधारी नक्की होईल, लहान दिसेलच असं नाही. काही शेड कार्डांवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. गडद मोरपंखी साधारण दहाच्या आसपास, मध्यम विटकरी वीसच्या आसपास, क्रीम पंच्याहत्तरच्या पुढे. म्हणजे दोन्ही उजेड खाणारेच, पण मोरपंखी जास्त. छोट्या खोलीत एकच भिंत गडद करा, शक्यतो खिडकीसमोरची, म्हणजे तिच्यावर उजेड पडत राहील. खोली लांबोडकी असेल तर शेवटची आखूड भिंत विटकरी करा, उबदार गडद रंग जरा जवळ आल्यासारखा वाटतो आणि बोगदा कमी होतो. सिलिंग पांढरंच ठेवा.

१०. विटकरीनं खोली खरंच गरम होते का? विदर्भातून बरेच जण विचारतात.

थर्मामीटर बदलत नाही, मनाला वाटतं. आतल्या भिंतीच्या रंगानं तापमानात जाणवेल असा फरक पडत नाही, पडतो तो गच्ची आणि बाहेरून ऊन लागणाऱ्या भिंतीच्या रंगानं. पण ४५ अंशांत बाहेरून आल्यावर समोर निळा-हिरवा बघून बरं वाटतं हे खरं आहे आणि तेही कारण पुरेसं आहे, नागपूर-अकोल्याकडे मी तरी मोरपंखीच सुचवेन.

११. फरशी आणि फर्निचर बदलणार नाही, त्यांच्याशी कुठला जाईल?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी यायला हवा कारण भिंत पाच-सात वर्षांत बदलते, फरशी नाही.

बिल्डरनं दिलेली क्रीम व्हिट्रिफाइड टाइल दोन्हीला चालते, पण ती गुलाबी झाकेची असेल तर विटकरीशेजारी आणखी गुलाबी दिसते. शहाबादी फरशी करड्या-हिरवट झाकेची, तिच्यावर विटकरी फार सुंदर दिसतो, जुन्या घरांची आठवण येते. कोकणात, गोव्यात लाल ऑक्साइडचा कोबा असेल तर भिंत विटकरी करू नका, खालून वरून सगळं तांबडं होऊन जातं, तिथे मोरपंखी किंवा नुसता चुन्यासारखा पांढरा.

लाकडाचं असं की सागवान, शिसव आणि बहुतेक पॉलिश केलेलं लाकूड तांबूस-तपकिरीच असतं, ते विटकरी भिंतीपुढे विरघळून जातं. मोरपंखीपुढे त्याची प्रत्येक रेघ दिसते. आजीचं जुनं शिसवी कपाट असेल तर त्याच्यामागे मोरपंखी लावून बघा, कपाट नवीन आणल्यासारखं वाटतं. पितळेची समई, तांब्याचं घंगाळ दोन्हीवर उठून दिसतात, मोरपंखीवर जरा जास्त. वेताचं, पांढरं किंवा करडं फर्निचर असेल तर उलट, विटकरी त्याला आधार देतो. टीव्हीची भिंत गडद मोरपंखी केली की बंद टीव्हीचा काळा चौकोन डोळ्यात खुपत नाही. वारली चित्र लावायचंय किंवा भिंतीवरच काढून घ्यायचंय त्यांनी दुसरा विचारच करू नये, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा हीच त्या चित्राची मूळ जागा आहे.

१२. दोन्ही इतके आवडलेत की सोडवत नाही, एकाच खोलीत दोन्ही घेतले तर?

घ्या, पण निम्मे-निम्मे नाही. साडी डोळ्यासमोर आणा. इरकलीचं अंग गडद निळं किंवा हिरवं आणि काठ-पदर लाल, आणि त्या लाल पदरातही पांढरं विणलेलं असतं. पैठणीतही अंग एका रंगाचं आणि काठ त्याच्या विरुद्ध. अंगाएवढाच काठ केला तर ती साडी नेसवणार नाही. खोलीतही एक रंग अंग, दुसरा काठ, आणि मध्ये कुठेतरी पांढरा किंवा क्रीम. आमच्याकडे एक भिंत मोरपंखी, बाकीच्या तीन गव्हाळ, आणि विटकरी फक्त पुस्तकांच्या कोनाड्याच्या आत. कोनाडा दीड फुटाचा आहे पण येणारा प्रत्येक जण आधी तिथेच बघतो.

दोन्ही रंग एकाच कोपऱ्यात थेट भिडवू नका, तिथे डोळा थरथरल्यासारखा होतो. पणजीच्या फोंतेन्हास वस्तीत निळी, पिवळी, लाल घरं खेटून उभी आहेत पण खिडक्या-दारांना आणि कडांना पांढऱ्या पट्ट्या आहेत, त्या पट्ट्यांनीच ती गल्ली सांभाळलीये. आणि हे रंग आपले नाहीत, मासिकातली फॅशन आहे असं कुणी म्हणालं तर अजिंठा बघायला सांगा, तिथले गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग इथले आणि निळा लॅपिस लाझुली दगडाचा, बाहेरून आणलेला. त्या चित्रकारांनाही तांबड्याशेजारी निळा हवाच होता.

१३. मला मोरपंखी हवा, नवऱ्याला विटकरी, सासूबाई म्हणतात क्रीमच ठेवा. आणि वास्तूचं काय?

तोंडी वाद घालू नका, शीट लावा. आठ दिवस आलटून पालटून लावा आणि प्रत्येकाला विचारा की तू या खोलीत कुठे बसतेस, किती वाजता, आणि समोर काय दिसतं. आमच्या सासूबाई दुपारी हॉलमध्ये वाचत बसतात, त्यांना पानावर उजेड हवा होता, त्यांचं क्रीम म्हणणं त्यासाठी होतं हे तेव्हा कळलं, म्हणून त्यांच्या खुर्चीच्या तीन बाजू गव्हाळ राहिल्या आणि गडद भिंत त्यांच्या पाठीमागे गेली. जो जास्त वेळ त्या खोलीत असतो त्याचं मत जड धरावं असं मला मनापासून वाटतं.

वास्तूबद्दल एवढंच, घरातल्या मोठ्यांचा विश्वास असेल तर डबा आणण्याआधी त्यांना विचारा, भिंत रंगल्यावर नको.

१४. गडद रंगाला किती हात लागतात? पेंटर तीन म्हणतोय, पैसे उकळतोय का?

बहुतेक खरं सांगतोय. दुकानातल्या मशीनवर फिकट शेड पांढऱ्या बेसमध्ये (रंगद्रव्य मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) काढतात, गडद शेड जवळजवळ पारदर्शक बेसमध्ये, कारण पांढरं टाकलं की रंग गडद होणारच नाही. पण खालचं झाकायचं काम ते पांढरंच करत असतं, म्हणून गडद रंग दोन हातांत खालचं दाखवत राहतो. मोरपंखीला हा त्रास जास्त. विटकरीत सहसा आयर्न ऑक्साइड असतं, म्हणजे गेरूच, ते चांगलं झाकतं आणि उन्हातही सहसा उडत नाही. उपाय म्हणजे प्रायमर करडा करून घ्या, मोरपंखीचा एक हात वाचू शकतो.

हिशोब असा, १२ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे ११४ स्क्वेअर फूट, तीन हात म्हणजे ३४२. एका हाताला लिटरमागे १०० ते १२० स्क्वेअर फूट धरले तर तीन-साडेतीन लिटर. डब्यावर जास्त लिहिलेलं असतं पण ते एकदम गुळगुळीत भिंतीचं असतं. गडद शेडला रंगद्रव्य जास्त जातं म्हणून लिटरचा दरही चढा असतो, कोटेशन मागताना शेडचा कोड सांगूनच मागा.

१५. मॅट घेऊ की शीनवाला?

गडद रंगावर चमक आली की पुट्टीतला प्रत्येक खड्डा आणि रोलरचा प्रत्येक ओघळ दिसतो, म्हणून हॉलला मॅट. पण गडद मॅटवर हात, बॅग, खुर्ची घासली की तिथे चकाकणारा ओरखडा उमटतो आणि पुसायला गेलं की पसरतो. लहान मुलं असतील, पॅसेज असेल, देवघराजवळ समईची काजळी धरत असेल तर धुता येणारा सॉफ्ट शीन घ्या आणि पुट्टी नीट दोनदा घासून घ्या.

१६. भिंतीला थोडी ओल आहे, रंगानं झाकली जाईल का?

नाही, आणि या दोन रंगांखाली तर अजिबात नाही. लोणा, म्हणजे ओलीमुळे भिंतीवर फुटणारा क्षार, पांढरा असतो, क्रीम भिंतीवर खपून जातो, मोरपंखीवर मीठ सांडल्यासारखा दिसतो. आधी पाणी कुठून येतंय ते बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, सुटलेलं प्लास्टर आणि पोपडे काढा, मग पुट्टी. पावसाळ्यात गडद रंग लावूच नका असं माझं मत, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत खरी वाळते. दिवाळीआधी पेंटर मिळत नाहीत म्हणून गणपतीतच तारीख पक्की करून ठेवा.

१७. आधीच विटकरी आहे, त्यावर मोरपंखी चढेल का?

थेट नाही, तांबडं खालून डोकावतं आणि मोरपंखी मळकट होतो. पॉलिश पेपर मारा, एक हात करडा प्रायमर, मग प्रश्न १४ प्रमाणे.

१८. नवऱ्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि बाबा ७८ चे आहेत. त्यांच्यासाठी कसं निवडू?

लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा बायकांपेक्षा पुरुषांत खूप जास्त असतो, आणि त्यांना मध्यम मोरपंखी आणि मध्यम विटकरी दोन्ही मातकट-करडे, जवळजवळचे वाटू शकतात. मग तुमचा सगळा कॉन्ट्रास्ट त्यांच्यापुरता नाहीसा होतो. अशा घरात रंगापेक्षा गडद-फिकटातला फरक मोठा ठेवा, म्हणजे गडद मोरपंखी आणि फिकट विटकरी. दोन्ही शीटचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, त्यात वेगळे दिसले तर साधारण ठीक.

वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळे रंग जास्त काळपट दिसतात. बाबांच्या खोलीत गडद मोरपंखी नको, द्यायचाच तर पलंगामागे द्या. गडद भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड आणि पांढरी दाराची चौकट मात्र त्यांना चटकन दिसते, रात्री उठताना हे फार उपयोगी पडतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर रंग नंतर लावा, ऑपरेशननंतर निळा बराच वेगळा, स्वच्छ दिसतो असं खूप जण सांगतात.

१९. भाड्याचं घर आहे, मालक पांढराच ठेवा म्हणतात.

भिंतीला हात लावू नका, डिपॉझिटवरून वाद नको. प्लायवूडचा चार बाय सहा फुटांचा तुकडा रंगवून सोफ्यामागे टेकवून ठेवा, किंवा त्या रंगाची खादीची चादर टांगा. शिफ्ट करताना रंग सोबत येतो.

२०. फोटो पाठवते, बघून सांगाल का कुठला छान दिसतो?

प्रेमानं सांगते, फोटोवरून सांगता येत नाही. कॅमेरा आपल्या मनानं उजेड दुरुस्त करतो, मोरपंखी भिंत फ्रेमभर असली की फोटो पिवळसर-तांबूस करून टाकतो. पाठवायचाच असेल तर भिंतीला एक पांढरा कागद चिकटवून त्याच्यासकट पाठवा. ॲपमधल्या ‘भिंत रंगवून बघा’ चित्रांवर तर अजिबात निर्णय घेऊ नका.

२१. पेंटर आत्ता काम करतोय आणि रंग कार्डपेक्षा फिकट दिसतोय, थांबवू का?

अर्धा-एक तास थांबा, घाबरू नका. इमल्शन ओलं असताना दुधाळ, फिकट दिसतं आणि वाळलं की गडद होतं. चुना किंवा चुन्याचा रंग असेल तर बरोबर उलटं, ओला गडद आणि वाळल्यावर फिका. पूर्ण वाळल्यावर आपल्या कार्डशीटशेजारी धरून बघा, तरी जुळत नसेल तर डब्यावरचा कोड तपासा आणि मगच पेंटरला बोला, बिचाऱ्याचा दोष नसतो बहुतेक वेळा.

२२. उरलेला रंग ठेवू का? वर्षभरानं टचअप करायचा झाला तर?

ठेवा. मोठ्या डब्यात तळाला उरलेला रंग साय धरतो, म्हणून काठोकाठ भरेल अशा छोट्या काचेच्या बरणीत काढा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट बंद करा, बाहेर शेडचा कोड, बॅच नंबर, कंपनी, मॅट की शीन आणि तारीख लिहा. गडद मॅटवर मधेच ब्रशनं ठिपका लावला तर तो ठिपका कायम दिसतो, त्यामुळे छोट्या स्पंजनं कडा विरळ करत लावा, आणि खरचटलेला भाग मोठा असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आख्खी भिंतच एक हात मारा. ती दोन फुटांची कार्डशीटही टाकू नका, माझी कपाटामागे अजून आहे, पडदे घ्यायला जाताना तिचाच एक तुकडा कापून पर्समध्ये नेला होता.